ऐकू आलं की बोट उचल

—नाही हो, कितीही वाजवा, नाही उघडणार ते. पाटी वाचली नाहीत का दारावरची, काम चालू असताना घंटा वाजवू नये? काम म्हणजे तेच. जेवणवेळेपर्यंत चालतं. तोवर खोकं उराशी धरून जिन्यात किती उभे राहणार, आत या. इथं स्वयंपाकघरातच बसा, बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांचे इस्त्रीचे कपडे पसरलेत. दुकानातून आलात ना? ओळखलंच मी. मागच्या वेळी दुसरेच कुणी आले होते, जाड चष्म्याचे, त्यांनाही मीच चहा दिला. कानमास्तरांकडे यायचं तर आधी माझ्याकडे थांबायचं असा रिवाजच पडलाय. आमचे हे म्हणतात, तू दाराला कान लावून बसलेली असतेस— आता दाराला कशाला लावायचा, भिंतच एवढी गुणाची आहे. थांबा जरा. हं, आलं? 'ऐकू आलं की बोट उचल.' त्यांचाच आवाज तो. शेगडीमागची ही भिंत आहे ना, तिला लागूनच पलीकडे वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पलंग. सकाळपासून तेवढं एकच वाक्य येतं बघा, मधे मधे, न चिडता. आयुष्यभर तेच म्हणत आले. रुग्णालयात कान तपासायचे ना भावजी— काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, आपण बाहेरून बटण दाबायचं, टूं वाजलं की त्यानं बोट वर करायचं. म्हणून तर कानमास्तर. आणि गंमत म्हणजे बटण दाबलं की त्यांची डावी भुवई वर जाते. कुठलंही बटण. लिफ्टचं दाबलं तरी भुवई वर, दिव्याचं दाबलं तरी वर. त्यांना स्वतःला पत्ता नाही. आम्ही बायका जिन्यात हसायचो त्यावरून, वहिनी तर पदर तोंडात कोंबून.

साखर किती? घ्या हो, चेहरा उतरलाय तुमचा. तर वहिनी न्हाणीघरात पडल्या. डोक्यात रक्त साकळलं म्हणाले. जीव वाचला, पण तेवढाच वाचला— बोलणं गेलं, हलणं गेलं, डोळे तेवढे उघडे. डॉक्टर म्हणाले, आत किती जाग आहे सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हटल्यावर भावजी गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी ते सुरांचं प्रकरण शोधून काढलं. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तेच विकता. एका कानात एक सूर, दुसऱ्या कानात त्याच्यापेक्षा केसभर चढा, आणि त्या दोघांच्या मधली एक थरथर, ती म्हणे कुठंच वाजत नसते, मेंदूच ती स्वतः घडवतो आणि मग तिच्या मागं मागं चालायला लागतो. निजवायची थरथर वेगळी, जागं करायची वेगळी. मला सगळं समजावून सांगितलं त्यांनी, इथंच बसून, दोन चमचे घेऊन. मी शाळेत सातवीपुढं गेले नाही, पण कळलं मला. म्हटलं, भावजी, म्हणजे डोक्यातल्या डोक्यात पाळणा हलवायचा. तर म्हणाले, बरोब्बर, फक्त आपल्याला झोपवायचं नाहीये, उठवायचंय.

आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा गुण आला. मी पेज घेऊन गेले होते, डोळ्यांनी पाहिलं. भावजींनी हेडफोन वहिनींच्या कानांवर चढवले, समोर बसले, बटण दाबलं— आणि वहिनींचं बोट उचललं गेलं. एवढंसंच, गव्हाच्या दाण्याएवढं, पण उचललं. पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. तो माणूस ढसाढसा रडला हो. मग काय, व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या त्यांना बंद केलं, उगाच मेंदूला त्रास नको म्हणून. म्हणाले, सुरांच्या लहरी लागू पडल्यात, आता लहरीच उठवतील. मग अजून नीट करायचं म्हणून सूचना वाचल्या— खोली अंधारी हवी, डोळे मिटलेले हवेत, तर गुण दुप्पट. पडदे लावले जाड. वहिनी डोळे मिटत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांवर मऊ पट्टी बांधली, काळी. आणि त्या दिवसापासून बोट जे थांबलं ते थांबलं. भावजींना वाटतं सूर चुकतोय. म्हणून हे एक यंत्र झालं, ते एक झालं, आज तुमचं हे. दर वेळी म्हणतात, आता यातला सूर अगदी शुद्ध आहे.

तुम्हाला एक विचारू का? विचारायचंच होतं कुणाला तरी, त्या चष्मेवाल्यांना धीर झाला नाही. ह्याला दोन्ही कान लागतात ना? म्हणजे एकानं भागत नाही? नाही ना. थरथर होतच नाही मग? ...हं. वाटलंच होतं मला. दोन चमच्यांतला एक काढून घेतला तर वाजणार काय, कपाळ.

नाही, काही नाही. सहज विचारलं. तुम्ही चहा घ्या.

अहो, वहिनींचा डावा कान लहानपणीच गेलाय, तापात. ठार बहिरा. आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. शपथ घातली होती त्यांनी मला. मला कसं कळलं— नवीनच राहायला आले होते ते, मी गॅलरीत त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून माझ्या सासूचं अख्खं रामायण सांगितलं, रडले सुद्धा, आणि ह्या वळून हसून म्हणतात, वा, छानच झालं की. मी म्हटलं, बाई, ही एक तर दुष्ट आहे नाहीतर बहिरी. दुष्ट तर नव्हती. मग हात धरून आत नेलं मला आणि सांगितलं सगळं. लग्न ठरताना लपवलं होतं माहेरच्यांनी, मुलगा कान तपासणारा निघाला ही त्यांची फजिती. आणि लग्न झाल्यावर पहिली हौस काय ह्या माणसाची, तर बायकोला रुग्णालयात नेऊन त्या काचेच्या खोलीत बसवली, तुझे कान बघू म्हणून. उजवा झाला, डावा आला. वहिनी मला म्हणायच्या, वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि मग दिसली काचेतून— भुवई. भुवई वर गेली की वहिनींनी बोट वर केलं. एकदाही चुकल्या नाहीत. भावजी अजून सांगतात लोकांना, आमच्या हिचे कान लाखात एक, एवढा बारीक सूर ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पुढं जन्मभर त्यांच्या डाव्या हाताला चालल्या, डाव्या हाताला बसल्या, उजवा कान नवऱ्याकडे राहावा म्हणून, आणि ते समजायचे, मानाची जागा देते मला.

आलं लक्षात? पेज घेऊन गेले त्या दिवशी मी त्या बोटाकडं पाहिलंच नाही फारसं, मी भावजींकडं पाहत होते. बटण, भुवई, बोट. बटण, भुवई, बोट. सूर नव्हता हो तो. बाई आत जागी होती, नवऱ्याचं तोंड बघत होती, आणि तशा स्थितीतही त्याचं मन राखत होती. आणि त्यानं काय केलं, तिच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली.

सांगा म्हणता. सांगा. सोपं आहे तुम्हाला. कसं सांगायचं, भावजी, तुमच्या लहरी खोट्या, आणि वहिनींच्या लाखातल्या कानांचं पण असं असं आहे, संसारभर फसवलं तुम्हाला? बाई बोलू शकत नाही, आणि तिची शपथ मी मोडायची? रोज ठरवायचे, आज सांगते, आणि रोज ते दारात म्हणायचे, आज बघा, आज फरक पडेल. त्या तोंडावर नाही सांगवत. मग एकदा ते औषधं आणायला खाली गेले, मला बसवून गेले. मी पट्टी वर केली. डोळे उघडेच होते. मी समोर बसले आणि भुवई वर केली— आता मला एकटी डावी जमत नाही, दोन्ही जातात, आरशासमोर सवय करून गेले होते तरी. केली. पुन्हा केली. वहिनी, अहो मी आहे, म्हटलं. काही नाही. डोळे होते, त्यांत कुणी नव्हतं. मी पट्टी होती तशी बांधली. मनाला समजावलं, माझ्या भुवईला कशाला उचलतील त्या बोट, मी काय त्यांचा नवरा आहे? त्याची दिसली तर... त्याची दिसली तर अजूनही, कदाचित—

काय? हळू? हो हो, हळूच बोलते मी. नाही, आवाजच आहे माझा असा, वहिनींशी बोलता बोलता चढला तो चढलाच, आता उतरत नाही—

थांबा. कप ठेवू नका, वाजेल.

तुम्हाला ऐकू येतंय काही? तेच म्हणते मी. येत नाहीये. एव्हाना यायला हवं होतं त्यांचं वाक्य. मघापासूनच आलेलं नाही, नाही का? आपण बोलतोय तेव्हापासून... कधीपासून हो?

खुर्ची सरकली. पडद्याच्या कड्या ह्या. पडदा उघडतायत. पट्टी काढली असणार. अगं आई गं. सगळं ऐकलं त्यांनी, कानमास्तरच ते.

श्श. म्हणाले. 'बोट उचल.' ऐकू आलं की म्हणालेच नाहीत. नुसतं, बोट उचल.

पुन्हा म्हणाले.

आता नावानं हाक मारतायत. माझ्यादेखत कधी मारली नव्हती.

...

कड्या. लावला पडदा.

आता म्हणतील. पट्टी बांधायला वेळ लागतो, गाठ बारीक असते ती, मग म्हणतात नेहमीचं. आता म्हणतील बघा.

...

नाही.

उठा तुम्ही. चहा राहू दे. खोकं त्यांच्या दाराशी ठेवा— नको, नको, घेऊन जा ते, आता लागायचं नाही त्यांना. आणि घंटा वाजवू नका. जिन्यात चप्पल वाजते, हातात घ्या. जा आता.