उघडी कबर झाकल्याबाबत

नाव झरीन सिराज मुकादम, वय ३४, काम घरकाम, राहणार सोहार, ओमान. मूळ गाव दाभोळ, जिल्हा रत्नागिरी. सन २०१६.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती सिराज व दोन मुलांसह राहते. पती कारखान्यात फिटर आहेत. पुरातन कबरींच्या राखीव जागेतले दगड हलवल्याचे त्यांनी कबूल केले, म्हणून ते कालपासून इथे पोलीस कोठडीत आहेत. ते खोटे बोलले. दगड मी हलवले.

शुक्रवारी आम्ही डोंगराकडे जेवण घेऊन गेलो होतो. पती मुलांना पाण्याकडे घेऊन गेले. कुंपण पडलेले होते, तिथून मी आत गेले. एक कबर वरून उघडी होती, आत हाडे दिसली. बाजूला दगड ओळीने मांडलेले, त्यांवर खडूने आकडे. पोरांचा खेळ असेल असे वाटले. जुन्या कबरी तपासायला खोदणाऱ्या साहेबांनी ते तसे ठेवलेत, हे मला काय ठाऊक? अहो, मयत उघडे टाकून कोण घरी जाते? मी दगड आत रचले, वर माती लोटली आणि फातेहा पढले.

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच पतीला बोलले नाही. माझे अब्बा वारले तेव्हा व्हिसाचे कागद अडकले होते, गावी जाता आले नाही. गेले असते तरी मला माती देऊ दिली नसती. इथे माझा हात धरायला कोणी नव्हते. फार बरे वाटले.

तिथल्या पहारेकऱ्याने आमच्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवला. पतीने माझी तुटलेली नखे पाहिली होती. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही, सरळ इथे येऊन गुन्हा अंगावर घेतला.

पोलीस साहेब म्हणतात, एवढे दगड बाईला उचलणार नाहीत, नवऱ्याला सोडवायला आलीस. बाहेर दगड पडलेत, म्हणाल तो उचलून दाखवते. माझा माणूस म्हणजे गरीब गाय. कोणती कबर ते त्याला विचारा, सांगता येणार नाही.

जबाब दुभाषी कल्पनाबाईंनी मराठीत वाचून दाखवला. त्यात 'पतीच्या सांगण्यावरून' असे घातले होते, ते मी खोडायला लावले. बाकी माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. सही केल्यावर मलाही ठेवून घेतील आणि चौकशी होईपर्यंत पतीलाही सोडणार नाहीत, हे मला समजावले. समजून सही करते. मुले शेजारच्या वैशालीताईंकडे आहेत. अम्मी-अब्बा दोघेही इथे आहेत, हे आज रात्री मुलांना सांगू नये.