पंख्याच्या बोल्टांवरील कुंकवाबाबत जबाब

नाव: विजय दामोदर खांबेटे. वय: ७२ वर्षे. व्यवसाय: विमान-देखभाल तंत्रज्ञ, सेवानिवृत्त. राहणार: अबू हलीफा, कन्या डॉ. सुखदा यांच्याकडे.

मी समक्ष हजर राहून, कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते मराठीत लिहून देतो की, खैरानजवळील खासगी धावपट्टीच्या शेडमधून काल विमानाचे जे बोल्ट काढले गेले, ते मी काढले. पहारेकरी इम्तियाज यांनी ते चोरलेले नाहीत. त्यांना आज सकाळपासून या ठाण्यात बसवून ठेवले आहे. त्यांची नोकरी आणि इकामा, म्हणजे येथील निवास परवाना, या जबाबावर अवलंबून आहेत, म्हणून मी तो तपशिलाने देत आहे. दुभाषी शहरबानू याचे अरबी भाषांतर करतील.

सदर विमान दोन आसनांचे असून माझे स्नेही मजीद यांनी ते स्वतः बांधले आहे. त्या कामी मी विनामूल्य साहाय्य केले. अशा विमानाची दरवर्षी तपासणी करावी लागते. तपासनीस येत्या रविवारी येणार आहेत. त्या तयारीसाठी आम्ही सर्व झाकणे उघडली होती, तारा व बिजागऱ्या पाहिल्या होत्या आणि पुढचा लाकडी पंखा उतरवून, त्यामागील भाग तपासून, पंखा पुन्हा बसवला होता. त्याचे बोल्ट केवळ हाताने फिरवलेले होते. अखेरची आवळणी टॉर्क पान्याने, मोजून करायची असते. आवळलेल्या बोल्टावर लाल रंगाची खूण करतात, म्हणजे ज्यावर लाल आहे ते काम पूर्ण, असे सर्वजण समजतात.

काल गुरुवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात आणि ती दसऱ्यापर्यंत वापरत नाहीत. मी टॉर्क पान्यासह सर्व हत्यारे शेडमध्येच पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले. नंतर ओले कुंकू पंख्याच्या बोल्टांनाही लावले. गतवर्षापर्यंत ही पूजा माझी पत्नी राजश्री करीत असे. ती कुंकू नेमके कोठे लावत असे, हे मी कधी पाहिले नव्हते.

मी घरी परतल्यावर मजीद शेडमध्ये येऊन गेले. सायंकाळी त्यांचा इंग्रजी निरोप मोबाइलवर आला. त्याचा आशय असा: अंकल, सगळे लाल दिसले, शाब्बास. सकाळी लैलाला एक फेरी मारून आणतो. लैला ही त्यांची कन्या असून ती नऊ वर्षांची आहे.

मी ताबडतोब फोन केला. तो लागला नाही. निरोप पाठवला. तो वाचला गेला नाही. म्हणून टॅक्सीने खैरानला गेलो. इम्तियाज चहा करीत होते. ते माझ्याशी आपल्या गावच्या मराठीत बोलतात आणि मला नाना म्हणतात.

"काय झाला नाना? घामान भिजलाव."

मी म्हणालो, "पंखा धरा."

त्यांनी पंखा धरला. बोल्ट बोटांनी निघाले. पान्याची गरज पडली नाही. टॉर्क पाना पूजेत असल्यामुळे ते आवळून टाकण्याचा मार्ग मी स्वीकारला नाही. सैल बोल्ट दिसत नाही, नसलेला दिसतो, असा विचार करून पंखा गोधडीवर उतरवून ठेवला. बोल्ट माझ्या रुमालात बांधून इम्तियाज यांच्या स्वाधीन केले आणि सांगितले, "मजीद यांच्याशिवाय कोणालाही देऊ नका."

"कोणालाच नाय?"

"कोणालाही नाही."

"मग त्यांचा बाप आला तरी नाय."

'नाय' हा त्यांचा शब्द मी जसाच्या तसा नोंदवला आहे.

आज सकाळी बाप आले नाहीत. मजीद यांचे थोरले बंधू आले. त्यांना इम्तियाज यांची भाषा येत नाही. पंखा उतरवलेला आणि बोल्ट इम्तियाज यांच्याकडील रुमालात पाहून त्यांनी रुमाल मागितला. इम्तियाज यांनी तो खिशात घालून वर हात ठेवला. बंधूंनी चोरीची तक्रार दिली. लैलाला घेऊन मजीद पोहोचेपर्यंत पोलिसांची गाडी इम्तियाज यांना घेऊन निघाली होती.

माझी सूचना अपुरी होती. कारण सांगायला हवे होते. इम्तियाज यांनी ती शब्दशः पाळली, यात त्यांचा दोष नाही.

वरील मजकूर शहरबानू यांनी मजीद, त्यांचे बंधू व इम्तियाज यांच्या समक्ष दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवला. तो ऐकून इम्तियाज म्हणाले, "नाना, एक खोटा लिवलाव. पाना तुमी पाटावरना उचललाव. हात कापत होता म्हणून परत ठेवलाव."

हे बरोबर आहे. टॉर्क पाना पूजेत होता म्हणून नव्हे, तर माझा हात स्थिर नव्हता म्हणून मी तो वापरला नाही. तेवढी दुरुस्ती करावी.

त्यानंतर बंधूंनी तक्रार मागे घेतली. अधिकाऱ्यांनी रुमाल टेबलावर ठेवण्यास सांगितले. इम्तियाज यांनी माझ्याकडे पाहिले, आणि तो मजीद यांच्याच हाती दिला. लैलाने गाठ सोडून पाहिली. कुंकू अद्याप ओलसर आहे.

दुरुस्तीसह हा जबाब मी स्वतः लिहिला असून खरा आहे, म्हणून खाली सही करीत आहे.

(सही) वि. दा. खांबेटे