चंदा निमकर हिच्या उजव्या हाताच्या जखमेबाबत

पुरवणी जबाब. दिनांक १७ मार्च २०२५, सकाळी ११.४० वाजता.

माझे नाव शकुन उत्तमराव भुयार, वय ५२ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा शेती, सध्या सरपंच, राहणार डोंगरखेड, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती.

मला कोणी बोलावले नसून मी आपणहून ठाण्यात येऊन सांगते की, वरील गावी मी पती, मुलगा व सून यांच्यासह राहते. आमचा संत्र्याचा बगीचा आहे. याच प्रकरणात दिनांक ८ मार्च रोजी दवाखान्यात हवालदार साहेबांनी माझा जबाब घेतला होता. त्यात मी असे सांगितले होते की, कार्यक्रमात बांगड्यांचा ट्रे खाली पडला आणि चंदाचा हात काचेवर पडून तिला लागले. ते खोटे आहे. ट्रे पडला नव्हता.

चंदा अमोल निमकर, वय २९, ही आमच्याच गावची. सासू रुख्मिणीबाई आणि सात वर्षांची मुलगी आचल यांच्यासोबत राहते. घरी झेंडू, शेवंतीचे वावर आहे. चंदा हार, गजरे करून मोर्शीला विकते. तिचा नवरा अमोल दिनांक १९ जानेवारी रोजी काविळीने वारला.

आमच्या ग्रामसभेने ऑगस्ट २०२२ मध्ये ठराव घेतला की, नवरा वारल्यावर कोणत्याही बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे यासाठी कोणी जबरदस्ती करणार नाही. ठराव मी मांडला व मीच वाचला. तो मी का मांडला ते या जबाबात लिहिण्याची गरज नाही. त्या दिवशी गावातले काही बुजुर्ग उठून गेले होते. "सरकारचा कागद सरकारपाशी, आमची रीत आमच्यापाशी," असे ते म्हणाले. मी त्यांना माइकवरून सांगितले की, बाईचे अंग हे बाईचे असते, त्यावर रीतीचा हक्क नाही. टाळ्या पडल्या होत्या.

या वर्षी अमरावतीच्या एका संस्थेने अशा ठरावाच्या गावांची स्पर्धा ठेवली. तपासणी समिती ८ मार्चला महिला दिनी आमच्या गावी येणार होती. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, कागद सगळ्याच गावाचे चांगले राहतात. एक तरी बाई स्टेजवर दिसली पायजे." ठरावानंतर गावात चार बायांचे नवरे वारले. तीन जणी म्हाताऱ्या आहेत. राहिली चंदा.

दिनांक ६ मार्च रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास मी तिच्या घरी गेले. ती ओसरीत हार ओवत होती. मी तिला सांगितले की, समितीसमोर आपण तुला बांगड्या भरू, हळदीकुंकू लावू.

ती म्हणाली, "मी येतो काकू, बसतो. पण बांगड्या नोको."

मी म्हणाले, "काहून? बुढी काही म्हणते काय?"

"बुढी काही नाही म्हणत. मलेच नाही घालायच्या. ते गेले त्या दिवशी माह्या हातानं काढल्या. काढ म्हणून कोणी म्हटलं नाही."

"हे लोकायनं तुह्या डोक्यात भरलं हाय, चंदा."

"नाही ना, काकू. बांगड्या वाजल्या का मले ते असल्यावानी वाटते. मंग काम नाही होत."

रुख्मिणीबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "तिले तिच्या मनानं राहू द्या, बाई. घालाच्या वाटल्या तं घालीन."

मला खात्री होती की म्हातारीच मागून दोरी ओढते. मी त्यांना ठराव ऐकवला आणि जबरदस्ती कराल तर केस होईल असे बोलले. रुख्मिणीबाईंनी मला चहा दिला. मी तो घेतला नाही.

निघताना मी आणखी एक वाक्य बोलले. ते मी आजपर्यंत कोणालाच, माझ्या पतीलाही, सांगितलेले नाही. चंदाच्या निराधार योजनेच्या अर्जाला लागणारा ग्रामपंचायतीचा दाखला माझ्या सहीसाठी आलेला होता. मी म्हणाले, "दाखल्याले येशीनच ना माह्याकडे, तवा पाहू." चंदाने सुई खाली ठेवली. "येतो मी शनिवारी," एवढेच म्हणाली.

दिनांक ८ मार्च रोजी दुपारी साडेबारा वाजता शाळेच्या पटांगणात कार्यक्रम सुरू झाला. दीडशेच्या वर बाया होत्या. समितीचे तीन लोक स्टेजवर होते. आमच्या भागात बांगड्या भरणारी माणिकबाई कासार हिला मी बोलावले होते. मी भाषण केले. त्यात, आमच्या गावात कोणत्याही बाईवर कशाचीच सक्ती होत नाही, असे मी म्हणाले. त्यानंतर मी चंदाचे नाव घेतले.

ती शेवटच्या रांगेत आचलला मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली नाही. मी दुसऱ्यांदा नाव घेतले. नंतर मी स्वतः खाली उतरून तिला दंडाला धरून वर आणले. आचल मागे येत होती, तिला कोणीतरी थांबवले.

माणिकबाईने चंदाचा हात हातात घेतला. चंदाने मूठ आवळली होती. माणिकबाईने दोनदा अंगठा दाबून पाहिला आणि हात सोडून दिला. म्हणाली, "मूठ बांधलेल्या हातात बांगडी जात नसते, बाई. मी चाळीस वर्षं हेच करून राहिली."

समितीतल्या बाई हसून म्हणाल्या, "लाजतेय ती." खालच्या बायाही हसल्या.

मी माणिकबाईच्या हातातून हिरव्या बांगड्या घेतल्या. माइक चालू होता व माझ्या डाव्या हातात होता. चंदा हळू आवाजात म्हणाली, "काकू, नोको." तो आवाज स्पीकरवरून सगळ्या पटांगणाला ऐकू गेला. त्यामुळे मला ऐकू आले नाही असे मी म्हणू शकत नाही. मी माइक ग्रामसेवकांकडे दिला व डाव्या हाताने तिचे मनगट धरले. "हात ढिला सोड, फोटो काढून राहिले," असे म्हणून मी बांगडी वरून रेटली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी अंगठ्याच्या बुडाशी अडली, तरी मी जोर लावला. ती फुटली आणि काच आत गेली.

फोटोग्राफरने त्याच वेळी फोटो काढला. टाळ्या चालू होत्या. रक्त माझ्या साडीवर आल्यावर मी हात सोडला. चंदा ओरडली नाही. तिने पदर हाताला गुंडाळला आणि आचल कुठे आहे ते पाहू लागली.

तिला ग्रामसेवकांच्या गाडीने मोर्शीला दवाखान्यात नेले. मी व माणिकबाई सोबत होतो. रस्त्यात ग्रामसेवक म्हणाले, "ताई, पेपरात आलं तं गावाचं नाव जाईन." ट्रे पडल्याचे मी गाडीतच ठरवले. ते माझ्याच डोक्यातून निघाले, ग्रामसेवकांनी सुचवले नाही. डॉक्टरांनी टाके घालताना विचारले, तेव्हा मी ट्रेचे सांगितले. डॉक्टरांनी चंदाला विचारले, "असंच झालं का?" ती भिंतीकडे पाहत राहिली. डॉक्टरांनी लिहून घेतले. नंतर हवालदार साहेब आले, त्यांनाही मी तेच सांगितले. माणिकबाई बाहेर जाऊन बसली. परतताना ती आमच्या गाडीत आली नाही, एस.टी.ने गेली.

सहा टाके पडले. अंगठ्याची नस कापली गेली असून अंगठा पूर्ण वाकेल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. चंदाला सध्या सुई धरता येत नाही. घरात हार ओवणारी ती एकटीच आहे, रुख्मिणीबाईंना सुईचे बारीक काम दिसत नाही.

दिनांक १२ मार्च रोजी चंदाचा भाऊ देवानंद, राहणार अकोट, याने ठाण्यात अर्ज दिला. विधवा बहिणीला भर सभेत बांगड्या घालून आमच्या घराण्याची इज्जत घेतली, असे त्याने लिहिले आहे. तेव्हापासून गावात दोन तट झाले आहेत. एक तट म्हणतो सरपंचबाईचे बरोबर, भाऊ मागासलेला. दुसरा म्हणतो धर्म बुडवला, ठराव रद्द करा. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर रोज भांडण चालू आहे. लोक मला धीर देतात की, ताई, तुम्ही लढत राहा. मी चार दिवस कोणालाच उत्तर दिले नाही. चंदाचे काय म्हणणे आहे हे ग्रुपवर कोणी विचारले नाही. तिच्याकडे मोबाईल आहे व ती त्या ग्रुपमध्ये आहे.

काल रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. दाखल्यावर सही करून तो सोबत नेला होता. देवानंदही तिथे होता. तो मला बोलू लागला तेव्हा चंदा त्याला म्हणाली, "भाऊ, तू बी नोको बोलू माह्यासाठी. तुले बी मी कुठं सांगितलं होतं अर्ज दे म्हणून?" तो बाहेर निघून गेला.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं मले काही समजत नाही, काकू. माही लेक विचारते का सगळे काहून हसून राहिले होते. तिले काय सांगू?"

मी दाखला तिच्यापुढे ठेवला.

ती म्हणाली, "तुमी ठाण्यात जाऊन जसं झालं तसं सांगजा. मी सांगितलं तं म्हणतीन, पोरीचं डोकं फिरलं, अन् नाही तं भावानं शिकवलं. तुमचं आयकतात लोक."

त्यावरून मी आज आले आहे. मला समज देण्यात आली की, या जबाबावरून माझ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो व मला वकिलाचा सल्ला घेता येईल. मला ते समजले. रुख्मिणीबाईंनी सुनेवर कोणतीही सक्ती केलेली नाही, माणिकबाईने जखम केलेली नाही. ठरावात कोणतेही वाईट नाही, तो रद्द होऊ नये, परंतु तो मोडणारी या गावातली पहिली बाई मी आहे. संस्थेला मी आज सकाळी फोन करून आमचे गाव स्पर्धेतून काढावे असे कळवले आहे.

जबाब संगणकावर घेतल्यानंतर मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. त्यात एका ठिकाणी "गावाच्या भल्यासाठी" असे शब्द आले होते. जबाब घेणारे साहेब म्हणाले, ते राहू द्या, तुमच्याच कामी येतील. ते मी सांगितले नव्हते, म्हणून काढायला लावले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.

समक्ष सही,
शकुन उ. भुयार