माह्या घरात ते टेबल नाही लागणार

माहं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, गावाच्या पलीकडं बंदुकीच्या गोळ्यांचा कारखाना, त्याच्या भोंग्यावर आमचं सगळं गाव उठे अन् जेवे. बाप तिथंच होता, मंग मी बी लागली, लग्नाच्या आधी, काडतुसं भरायच्या खात्यात. काय सांगू तुमाले, आत जातानी जोडे बदला, बांगड्या काढा, केसातली पिन बी काढा, अन् एखादी बाई घरी भांडून रडून आली असंल तर सुपरवायझर तिले त्या दिवशी दुसऱ्या कामाले लावे, म्हणे आज तुहं मन जागेवर नाही. एवढं सांभाळून बी माह्या बाजूच्या शेवंताची दोन बोटं गेली. तरी नोकरी मले आवडे, खोटं काहून सांगू.

मंग लग्न झालं, स्नेहलचे पप्पा इथं कतारले होते, मी बी आली. दोहात, अल मुंतझा भागात दोन खोल्या, स्नेहल इंग्लिश शाळेत, मी मराठीत इचारते अन् ती इंग्लिशमदी उत्तर देते, आमचं असंच चालते.

स्नेहलचे पप्पा स्टेडियमच्या कामावर फोरमन होते. सिमेंटात खिळे ठोकायची एक बंदूक राह्यते, तिच्यात बारकं काडतूस घालायचं, दाबलं की फाटकन खिळा आत. फुटबॉलचा वर्ल्ड कप इथं होणार होता, त्याची घाई होती अन् तेवढ्यात शेजारच्या देशाईनं सीमा बंद केली, माल अडकला, काडतुसं मिळेनात. अन् वरून रोज यल्ला यल्ला, काम पुढं न्या.

एक दिवस मी स्नेहलले घेऊन बाजारातून आली तं हॉलमदी खिडकीखाली हे एवढं लोखंडी टेबल. त्याले यंत्र बसवलेलं, हँडलवालं, वर दिवा, खाली डबे. अन् तिथून चार पावलावर माहा गॅस. स्नेहल म्हणे आई, व्हॉट इज धिस. मले इचारायची गरजच नव्हती, मी पाह्यताक्षणी वळखलं, काडतुसं भरायचं यंत्र.

सोफ्यावर स्नेहलच्या पप्पाचे मॅनेजर मोकाशी साहेब, पुण्याचे, मिठाईचा पुडा घेऊन बसलेले. म्हणे वहिनी, तुम्ही तर काडतुसांच्या कारखान्यात होता, मला आत्ताच कळलं, आपल्याच माणसाच्या घरात एवढं टॅलेंट. म्हणे साइटवरची रिकामी काडतुसं मी पाठवतो, पावडरची व्यवस्था पण होईल, तुम्ही फक्त घरबसल्या भरून द्यायची, नवा माल येईपर्यंत, कोणाला कळायचं कारण नाही. स्नेहलचे पप्पा खाली मान घालून उभे. मी त्याईच्याकडं पाह्यलं. ते म्हणे दोन महिन्याचा तं सवाल आहे, मंगला.

मी म्हणली, नाही.

साहेब हसले. म्हणे विचार करा, फॅमिली व्हिसा आता रिन्यूअलला येईल, सही माझीच लागते. म्हणजे पाहा तुम्ही, मिठाई बी त्याच हातात अन् धमकी बी त्याच हातात. मी म्हणली, साहेब, एवढं सोपं काम आहे तं टेबल तुमच्या घरी लावा, मी रोज येऊन भरून देते.

तं ते पटकन बोलून गेले, छे छे, घरी मुलं आहेत.

मंग मी स्नेहलले हाताले धरून त्याईच्या समोर उभं केलं. म्हणली, अन् हे काय आहे साहेब? हे लेकरू नाही?

मी पाना घेतला अन् ते यंत्र स्वताच्या हातानं खोललं. टेबल मले एकटीले उचलेना, ओढत नेलं, फरशीवर चरा पडला. अर्ध्यात आल्यावर दुसरीकडून स्नेहलच्या पप्पानं हात लावला. लिफ्टपर्यंत नेलं अन् साहेबाले म्हणली, खलास, घेऊन जा.

सही नाहीच केली त्यानं. मले अन् स्नेहलले गावाकडं जावं लागलं, पप्पाले बिरकत अल अवामेरच्या मजुरांच्या कॅम्पात टाकलं, फोरमनचं काम काढून घेतलं. सासरचे म्हणत, हिच्या तोंडापायी झालं. हाओ, झालं! मी कव्हा नाही म्हणते? पुन्हा आणा ते टेबल, पुन्हा ओढत नेईन.

पुढं इथं कायदा बदलला, दुसऱ्या कंपनीत जायले जुन्या साहेबाची चिठ्ठी लागेना, तं पप्पानं कंपनी बदलली अन् आमाले बोलावलं. आता उम्म सलाल मोहम्मदले राह्यतो, मी शाळेच्या बसवर लेकरं सांभाळते. स्टेडियम तयार झाले, रस्त्यानं जातानी दिसतात, चांगले दिसतात, त्याईच्यावर माहा काय राग.

परवा स्नेहलचे पप्पा दुपारीच घरी आले. मी म्हणली, काय झालं? म्हणे नवे साहेब भर उन्हात, कमरेचा पट्टा न बांधता कामावरच्या पोरांले वर चढवायले सांगत होते, मी नाही म्हणलो. म्हणे, घरी जा म्हणले मले, उद्या बोलावतात का नाही, माहीत नाही.

मी म्हणली, नाही तं नाही. आधी हात धुवा, भाकर गरम आहे.