खुर्चीवरचा सदरा

तुमी मले नेहमी इचारता ना, "समुपदेशक बाई, माणसाले बदलवता कसं?" बाप्पा, मी कोणाले बदलवत नाही. बोलायले जागा करून देते, बस.

वडनेरच्या एक मावशी खामगावले माह्याकडं आल्या. पोरीचं लगन झाल्यापासून त्यायचा नवरा घरात बोलतच नाही म्हणे. म्हटलं, "काकाले घेऊन या."

त्यायनं पिशवीतून नवऱ्याचा सदरा काढला. "ते येत नाहीत. भगताकडं माणसाच्या बदली कपडा चालते, तुमच्याकडं नाही चालत काय?"

मी हसू दाबलं, सदरा समोरच्या खुर्चीवर टांगला अन् म्हटलं, "चालते. बोला याच्यासंग."

मावशी आधी लाजल्या. मंग सदऱ्याले म्हणाल्या, "अहो, पोरगी गेली तं मले बी घर खायले उठते. तुमी एकटेच काऊन रडता गोठ्यात?"

पुढच्या आठवड्यात काका हजर! अंगात तोच सदरा, हातात पिशवी. "म्याडम, तिच्यासमोर तोंड उघडत नाही हो माहं." अन् पिशवीतून बायकोची साडी काढून त्यायनं खुर्चीवर ठेवली.

"मावशीले मालूम हाय काय?"

"हाव. साडी तिनंच निवडून देली. बाहीर बसली हाय."