फॉर्म मंगळवारी भरला

तुमच्या घरात दोन वेळचं जेवण होतं, त्याचा संस्थापक कोण हाय, सांगा बरं? हसू नका, मी खरंच विचारते. आईचं नाव सांगाल, का जिनं आईला भाकरी शिकवली तिचं? आणि एकच नाव लिवायचं म्हणलं तर बाकीच्यांना काय म्हणाल? मला हे कुणी तीन वर्षांमागं विचारलं असतं तर मी बी हसले असते. आता हसू येत न्हाय, कारण मी संस्थापक हाय. तसं छापून आलंय. घरात काचेची बाहुली हाय, तिच्या पायाशी माझं नाव कोरलंय, खाली संस्थापक. पुसायला गेलं तर बोट कापतं.

सुरुवातीपासनं सांगते, तुमी लिवून घ्या. माझं नाव महादेवी. माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, कर्नाटकच्या हद्दीजवळ, घरात कन्नड आणि शाळेत मराठी, ती बी सातवीपर्यंत. लगीन होऊन सोलापुरात आले, शुक्रवार पेठेत, एक खोली आणि कोपऱ्यात मोरी, आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात, कारखाना कधी चालू कधी बंद. समोरच्या खोलीत राचव्वा. तिचं बी कन्नड, म्हणून मी तिच्या उंबऱ्यात जाऊन बसायची, मराठी बोलून बोलून तोंड दुखायचं की माझं. ती कडक भाकऱ्या करून दुकानाला द्यायची. आता सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी काय सांगायची, पण लांबचं कोणी वाचत असेल तर सांगते, ज्वारीची, कागदासारखी पातळ, वरनं तीळ लावायचे, आधी भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत वाळवायची, मग ती महिना महिना टिकते. माझ्या भाकरीच्या कडा जाड यायच्या. राचव्वा म्हणायची, तंगी, तू थापत न्हाईस, तू तिला मारतीस. तंगी म्हणजे धाकटी भन. कुणाच्या रक्ताची मी, पण पहिल्या दिवसापासनं तिनं मला तंगीच म्हणलं.

तिच्यामुळं मी, माझ्यामुळं शेजारची पद्मा, पद्मामुळं मेहरुनबी, असं करत करत आमी सात जणी झालो. कुणी कुणाला कामाला ठेवलं न्हाय, हे नीट लिवा. खोल्या लहान, एवढा धूर कुणाला रोज सोसणार, म्हणून वार लावले. सात बायका, सात वार. सोमवार राचव्वाचा, ती म्हणली तो महादेवाचा, तो माझा. मंगळवार माझा. बुधवार मेहरुनबीचा, तिला शुक्रवार देत होतो तर म्हणली, जुम्मे कू नक्को. जिचा वार तिच्या घरी सगळ्यांनी जमायचं, तिची चूल, तिचा तवा, तिनं त्या दिवशीचं मीठ-पाणी बघायचं.

आणि चिठ्ठी. चिठ्ठीचं सांगितल्याबिगर तुमाला पुढचं कळायचं न्हाय. एकदा पिठात मीठ दोनदा पडलं, दुकानदार तणतणत आला, कुणी केल्या ह्या, आणि आमी सात जणी सात दिशांना बघायला लागलो. तो गेल्यावर राचव्वा म्हणली, उद्यापासनं जिचा वार तिच्या नावाची चिठ्ठी पाकिटात घालायची. शिव्या आल्या तर तिच्या, कुणी चांगलं म्हणलं तर ते बी तिचं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीचं नाव. तसं सुरू झालं. गिऱ्हाईक दुकानात विचारायचं, मेहरुनबीची हाय का, तिची लई खुसखुशीत असते. मेहरुनबी तेवढ्यावर आठवडाभर मिरवायची. मग आमी तिला म्हणायचो, ए बुधवार, जरा तिकडं सरक. आमच्यात नाव म्हणजे असं, आज तुझं, उद्या माझं.

आता फॉर्म. माझ्या लेकीच्या शाळेतल्या जोशी बाई आमच्याच भाकऱ्या न्यायच्या. जीव लावणाऱ्या बाई, त्यांचा काय दोष न्हाय, हे आधी लिवा. त्या मंगळवारी आल्या. आमी सगळ्या माझ्या खोलीत, हात पिठात. मोबाईल पुढं करून म्हणल्या, पुण्याची एक संस्था आहे, सामाजिक उद्योजकांना पुरस्कार देते, काम वाढवायला निधी देते, उद्या शेवटची तारीख. मेहरुनबी म्हणली, उद्योजक? हमारे में कोन है जी? जोशी बाई म्हणल्या, तुम्हीच की सगळ्या. बगा, त्या बी सगळ्या म्हणल्या. मग एकेक रकाना विचारत गेल्या, काम काय, बायका किती, धूर किती, आणि मग आलं, संस्थापकाचं नाव. आमी एकमेकींकडं बघितलं. राचव्वानं तव्यावरनं मान न उचलता विचारलं, आज वार कुणाचा? मी म्हणलं, माझा. मग तिचं घाला, राचव्वा म्हणली, उद्या बदला. जोशी बाईंनी घातलं. उद्या बदला हे त्यांना चेष्टा वाटली असंल. आमाला वाटलं, हा बी कागद पाकिटासारखाच, आजची चिठ्ठी, उद्या दुसरी. मोबाईलवर टकटक केलं आणि गेलं. बुधवारी त्या आल्या असत्या तर आज हितं मेहरुनबी बोलत बसली असती, आणि मी आपली भाकऱ्या दाबत असते. काय सांगू तुमाला, एका दिवसाचा फरक.

मग निवड झाली म्हणून कळलं, आणि संस्थेचे फिल्मवाले आले. मला एकटीला चुलीपुढं बसवलं, बाकीच्यांना म्हणले, ताई जरा बाहेर उभ्या राहता का, फ्रेममध्ये गर्दी होते. मला विचारलं, सर्वात मोठं संकट कोणतं? मी म्हणलं, धूर. तसं न्हाय म्हणले, आयुष्यातलं. मी म्हणलं, धूरच. त्यांनी हळूच विचारलं, नवऱ्याचा काही त्रास? नवरा दारात उभा, त्यांच्याचसाठी चहा घेऊन. आमचे हे म्हणले, मी पीत न्हाय, मारत न्हाय, मेलो बी न्हाय, तुमच्या पिक्चरचं नुकसान झालं की ओ. बाहेर सगळ्या बायका खदाखदा हसल्या. ते हसणं फिल्ममधी न्हाय. फिल्ममधी मी एकटी हाय, धुरानं डोळ्यात पाणी आलेलं, आणि मागं सतार वाजतीय.

पुण्याला संस्थापक आणि सोबत एक जण, एवढ्याच दोघींना बोलावणं. मी राचव्वाला नेलं. मोठं सभागृह, लई गार, राचव्वा पदर अंगभर घेऊन मागच्या रांगेत बसली. माझं नाव पुकारलं, ती काचेची बाहुली हातात दिली आणि माईक पुढं केला, दोन शब्द बोला. मी खरं तेच बोलले. म्हणलं, फॉर्म मंगळवारी भरला, मंगळवार माझा वार हाय, म्हणून मी आले, हे सात जणींचं हाय, आणि जिनं सगळ्यांना शिकवलं ती तितं मागं बसलीय. तर काय, टाळ्या! लोक उभे राहिले. सूत्रसंचालन करणारी म्हणली, ही नम्रता पाहा, हेच खरं नेतृत्व. मी परत माईक धरला, म्हणलं अवो नम्रता न्हाय, खरंच मंगळवार होता. तर आणखी टाळ्या. मागं वळून राचव्वाकडं कुणी बघितलं न्हाय. त्या दिवशी मला पयल्यांदा कळलं, मी कुटं तरी अडकले. खरं बोलून सुटता येत न्हाय अशी जागा मी त्याच्या आधी बघितली नव्हती.

निधी आला. न्हाय कशाला म्हणू, चांगलं बी झालं. अक्कलकोट रोडला शेड झाली, मशीन आलं, बायकांच्या डोळ्यातला धूर गेला, माल लांब लांब जायला लागला. पण कागदावर जे लिवलंय ते ऐका. संस्थापकानं दोन वर्षं सोडायचं न्हाय. संस्थापकानं थापायला बसायचं न्हाय, त्यानं वाढ बघायची, मोबाईलवरच्या मीटिंगा करायच्या, दुसऱ्या गावांत जाऊन आपली कहाणी सांगायची. पाकिटावर संस्थापकाचा फोटो. आणि पाकिटात दुसरा कागद घालायचा न्हाय, म्हणजे चिठ्ठी बंद. वार बी बंद, कारण शेडला एकच कुलूप आणि त्याची किल्ली संस्थापकाकडं. राचव्वा सोडून पद्मा, मेहरुनबी, बाकीच्या, सगळ्यांनी घरच्या चुली काढून टाकल्या, जागा झाली तितं कुणी कपाट ठेवलं, कुणी पोरांचं टेबल. आता मागं फिरायचं म्हणलं तरी फिरायला चूल न्हाय.

मग अहवाल आला, छापील, रंगीत. त्यात माझं मोठं चित्र आणि खाली लिवलेलं, सहा लाभार्थी महिला. पद्मानं वाचून दाखवलं. राचव्वा मशीनपाशी उभी होती, तिला ते मशीन कधी आवडलंच न्हाय, म्हणायची ही भाकरी न्हाय, पत्रा हाय. तिनं पद्माला विचारलं, लाभार्थी म्हणजे? पद्मा म्हणली, ज्याला फायदा झाला तो. राचव्वानं पदराला हात पुसले. मग माझ्याकडं बघून विचारलं, टोमणा न्हवता तो, खरंच विचारलं, मला तुमच्याकडनं काय लाभ झाला ओ मॅडम?

मॅडम म्हणली मला. त्या दिवसानंतर ती शेडवर आली न्हाय.

मी संस्थेच्या तन्वी मॅडमना फोन केला. गोड बोलतात, रागवत कधीच न्हाईत. म्हणलं, नाव बदला, सात नावं घाला, न्हायतर राचव्वाचं घाला. त्या म्हणल्या, ताई, संस्थापक बदलत नसतो, तो इतिहास असतो. मी म्हणलं, इतिहास मंगळवारचा हाय, सोमवारचं काय? त्या हसल्या, म्हणल्या हे वाक्य पुढच्या भाषणात नक्की घ्या. बगा! मी भांडले तर ते बी त्यांना भाषणाला लागतं. मग गंभीर होऊन म्हणल्या, तुम्ही बाहेर पडलात तर करार संपतो, शेड, मशीन परत घ्यावं लागेल, मोठी दुकानं आमच्या नावानं माल घेतात ती बी थांबतील. म्हणजे मी सुटले तर सहा घरांचं काम सुटणार. आणि मी थांबले तर ज्या बायकांत मी बसत होते तितं मला जागा न्हाय. मी आत गेले की बोलणं थांबतं. डबा उघडला की मेहरुनबी म्हणते, आप उधर कुर्सी पे बैठो ना. मी तिला एकदा म्हणलं, ए बुधवार, सरक की जरा. ती सरकली, पण हसली न्हाय.

आता दुसऱ्या टप्प्याचा फॉर्म आला, आणखी तीन वर्षं. सही संस्थापकाचीच लागते. जोशी बाई दोन दिवस घरी येऊन बसल्या, आमचे हे म्हणले तुझं तू ठरव, बायका म्हणल्या कर की सही, आमचं काय बघायचं का न्हाय. सगळ्यांचं बरोबर. मी उठले आणि राचव्वाच्या दारात गेले. सोमवार होता. ती एकटीच चुलीपुढं, एकटीच्या भाकऱ्या. मी न विचारता बसले आणि पिठाचा गोळा घेतला. थापायला लागले तर भाकरी फाटली. दुसरी घेतली, ती बी फाटली. दोन वर्षं हात फक्त माईक धरत होते की. राचव्वानं बघितलं, गोळा माझ्या हातातनं घेतला, पाणी लावलं आणि परत माझ्याच हातात दिला. म्हणली, हात गेला गं तंगी तुझा.

मी रडले. फिल्मवाले तवा कुटं गेले होते काय माहीत.

मग ती म्हणली, सही कर. पद्माची चूल तू परत मांडणार हाईस का? कर सही. पण चिठ्ठी घाल. मी म्हणलं, पाकिटात घालायची परवानगी न्हाय. ती म्हणली, आत न्हाय तर वर चिकटव. मी म्हणलं, कुटं चिकटवू, वर माझा फोटो हाय. तर म्हणते कशी, मग तोंड झाक की तुझं, लई चांगलं दिसतंय असं बी न्हाय.

सही केली. अजून तीन वर्षं मी संस्थापक. सुटले असं म्हणणार न्हाय, खोटं कशाला बोलू. राचव्वा शेडवर येत न्हाय ती न्हायच. पण रोज संध्याकाळी माल भरला की मी खुर्चीवरनं उठते, बायकांत खाली बसते आणि खळीचा डबा घेते. एकेक पाकीट, एकेक चिठ्ठी, माझ्या तोंडावर. मंगळवार सोडून. सोमवारी राचव्वाचं नाव लावतो, ती असो नसो, वार तिचा हाय. पुण्याला कळंल तवा काय होईल ते होवो.

तुमाला एकच मागणं हाय, ते तेवढं करा. दुकानात आमचं पाकीट घेतलंत तर फोटोवर चिठ्ठी हाय का बघा. वरचं नाव वाचा. भाकरी आवडली तर त्या बाईला चांगलं म्हणा, खारट लागली तर तिलाच शिव्या द्या, मला नगं. आणि चिठ्ठी कुणी काढून टाकली असली, नुसती मीच तितं हसत बसलेली दिसले, तर पाकीट तसंच हातात धरून दुकानदाराला विचारा, चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं विचारा, आज वार कुणाचा?