चार नंबरचा खड्डा

सोनाळ्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होती.

“रुख्मिणीबाई, वसतिगृहाच्या पत्रावळीचं टेंडर कोणाले भेटलं?”

“यंदा वसतिगृहाच्या मॅडमनं मशीनवरच्याच पत्रावळीची अट काढून टाकली, मोतीरामभाऊ. मंग आमच्या बचत गटानंबी पळसाच्या पत्रावळी देल्या.”

“निवड कशी केली मंग?”

“नाव नाही, नुसते नंबर. गरम वरणानं गळाल्या त्या बाद. बाकीच्या दोन महिने मातीत पुरल्या, कोणती पुरी कुजते ते पाहाले. काल साऱ्यायसमोर खड्डे उकरले.”

“आन्?”

“मशीनच्या पत्रावळी देणाऱ्या कारखानेवाल्यानं चार नंबरचा खड्डा सोताच्या हातानं चाळला. निस्ती माती. म्हणे, हेच पत्रावळ खरी.”

“चार नंबर कोणाचा होता?”

“आमचा.”

“बाप्पा. त्याले समजल्यावर?”

“हातातली माती त्यानं माह्या ओंजळीत ठेवली. सांडू नाही देली.”